अंजिराचे पाय

फार फार वर्षांपूर्वी, हरदळीच्या तलावाला अजून दगडी पायऱ्याही नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. जिला खोटी वाटेल तिनं उठून जावं. तलाव तिथंच आहे, त्यालाच विचारावं.

तलावाकाठी ढिवरांची पन्नास घरं होती. त्यांत अंजिरा नावाची एक विधवा. पुरुष डोंग्यात बसून जाळी टाकत. बाईनं डोंग्याला पाय लावायचा नाही, अशी रीत. कुणी घातली? पुरुषांनीच, दुसरं कोण! म्हणून अंजिरा कमरेएवढ्या पाण्यात उतरून शिंगाडे तोडायची. चाळीस वर्षं तोडले. तिच्या तळव्यांना बारीक खवले फुटले होते, असं म्हणतात.

एका वर्षी हिवाळा पिसाळला. सकाळी गवतावरचं दव गोठायचं, दुपारी चैतासारखं ऊन, संध्याकाळी आभाळ भरून यायचं, आणि उजाडताना पुन्हा बोचरा वारा. महिनाभर जाळी रिकामी आली. पुरुषांना एकच ठाऊक, की थंडीत मासा खोलात जातो. म्हणून ते रोज खोलात जाळी ओढत आणि रोज चिखल घरी आणत.

गावच्या मालगुजाराचा निरोप आला, "संक्रांतीला माझ्या उंबरठ्यावर जिवंत मरळ आणून ठेवा. नाही जमलं, तर तलाव दुसऱ्या गावच्या लोकांना देतो."

तलाव गेला की पन्नास घरं उठली. चुली विझल्यासारख्या झाल्या. तेव्हा अंजिरा ढिवरांचा म्होरक्या डोमाजी याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, संक्रांतीपर्यंत जाळी वाळत घाला. खोल पाणी घुसळू नका."

"काहून वो वहिनी? मासे का तुमच्या कानात सांगून गेले?"

"कानात नाही, पायात. तुमचे पाय डोंग्यात, माझे पाण्यात. मासा रोज जागा बदलून राहिला. ऊन पडलं की काळ्या खडकाजवळचं पाणी कोमट होते, तो तिथं येते. आणि तुम्ही तिकडं चिखल उपसून राहता."

"बुडी शिंगाड्यावानी उकडली!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. डोमाजी मात्र हसला नाही. त्यानं रिकाम्या जाळ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "घाला वाळत."

दोन दिवस अंजिरा खडकाजवळ गुडघाभर पाण्यात उभी राहिली. बगळे तिच्या खांद्यावर येऊन बसत, असं म्हणतात.

तिसरा दिवस संक्रांतीचा. मालगुजार तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, छत्री घेऊन बसला. दुपारी वारा फिरला, उकडायला लागलं, दक्षिणेकडून काळं आभाळ चढलं. अंजिरा ओरडली, "गारा येणार! त्याआधी मरळ पोट भरून घेणार. डोंगा आणा."

"वहिनी, रीत..." डोमाजी चाचरला.

"रीत उपाशी मरते का? आपण मरतो!" असं म्हणून ती डोंग्यात चढलीसुद्धा.

तिनं गळाला बेडूक लावला आणि खडकाच्या सावलीत टाकला. पाणी फाटलं. काळी, सापासारख्या डोक्याची मरळ उसळली आणि गळ घेऊन पळाली. मरळीनं डोंगा तलावभर तीनदा फिरवला, असं म्हणतात. कवठाएवढ्या गारा पडल्या. पाळ पांढरी झाली, मालगुजाराच्या छत्रीची चाळण झाली, पण अंजिराच्या डोंग्यात एक गार पडली नाही. तिनं दोरी सोडली नाही. तळहात सोलले, तरी सोडली नाही. शेवटी मरळच दमली.

ती उचलायला बारा माणसं लागली. मालगुजाराच्या उंबरठ्यावर डोकं ठेवलं, तर शेपटी अंगणात. मरळ वरची हवा घेते म्हणून पाण्याबाहेरही तग धरते. तिथं पडल्या पडल्या ती मालगुजाराकडं बघत होती.

"बाई," मालगुजार मागं सरकत म्हणाला, "ही एवढी ठेवू कुठं?"

"तलावात. ती तिथलीच आहे. आणि आम्हीही."

मालगुजारानं तलाव ढिवरांकडंच ठेवला. त्याच बारा माणसांनी मरळ परत नेऊन सोडली, आणि दुसऱ्या दिवशी खडकाजवळ पन्नास घरांची जाळी भरली.

आजही हरदळीत संक्रांतीला पहिला गळ बाईच टाकते. पहिली मरळ उंबरठ्याला टेकवून परत पाण्यात सोडतात. आणि त्या दिवशी डोंग्यात चढण्याआधी प्रत्येकानं खडकाजवळ अनवाणी, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. कुणाला सूट नाही.

मागच्या वर्षी तलाव बघायला जिल्ह्याचे मोठे साहेब आले. थेट डोंग्याकडं निघाले. आम्ही सगळ्या बाया आडव्या झालो.

"साहेब, बूट काढा."

साहेबांनी आमच्याकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. मग खाली बसले आणि बूट काढले.