मोठ्या पोस्टाच्या कमानीतली चीर

मोठे पोस्ट बघायला आलेले लोक मान वर करून घुमटाचेच फोटो काढतात. खुशाल काढावेत. खरी बघण्याजोगी गोष्ट मात्र खाली, मधल्या कमानीखालच्या उजव्या भिंतीत आहे. छातीच्या उंचीवर, छिन्नीने आरपार पाडलेली एक वेडीवाकडी चीर.

ती अंबूबाई पाथरवटणीची, असे सांगतात. इंग्रजी अंमलात हे काळ्या दगडाचे पोस्ट बांधताना मधली कमान तिने आणि तिच्या नवऱ्याने, सुभानाने घडवायला घेतली होती. काम चालू असताना सुभाना कमानीवरून पडून मेला. उरलेले दगड तिने एकटीने घडवले. मुलगा पलटणीबरोबर एडनला. बाप गेल्याचे त्याला कळवायचे होते. पत्र लिहून घेऊन, तिकीट लावून तिने ते कमरेला खोचून ठेवले होते.

पाथरवटांची रीत अशी, की कमानीचा लाकडी आधार काढताना घडवणाऱ्याने तिच्याखाली उभे राहायचे. काम कच्चे असेल, तर पहिला बळी त्याचाच. अंबूबाई उभी राहिली. आधार निघाला, थोडी धूळ पडली, कमान हलली नाही. पोस्टाच्या साहेबाने टाळ्यासुद्धा वाजवल्या म्हणे.

आतल्या खोल्यांत टपालाचे काम आधीच सुरू झाले होते. पत्र काढून ती आत निघताच पोस्टाचा कारकून पुढे आला. "ही वाट साहेबलोकांची. तुमची खिडकी मागे, तबेल्याकडे."

अंबूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "हिच्याखाली मराया मी चालते, आन् कागद टाकाया चालत न्हाई व्हय?"

तिने छिन्नी उचलली आणि भिंतीला लावली. शिपाई तिला ओढायला धावले, तसे सगळे पाथरवट हातोडे खाली ठेवून, कमानीची वाट अडवून तिच्याभोवती बसले. कोणी हात उगारला नाही, कोणी उठलेही नाही. तीन दिवस साहेबाची बग्गी बाहेर ताटकळली आणि आत छिन्नी वाजत राहिली. तिसऱ्या दिवशी चीर पार झाली आणि पत्र पलीकडे, टपाल निवडायच्या खोलीत पडले. तिकीट लावलेले पत्र पोस्टात पडले की पोचवायचेच, हा कायदा त्यांचाच होता. पत्र एडनला गेले.

दारात लाल पेटी आहे, तरी आजही गावातली माणसे आपले महत्त्वाचे पत्र या चिरेतूनच टाकतात, कमानीखाली ताठ उभी राहून. दर रंगरंगोटीला चीर बुजवायचा हुकूम निघतो. चुना भरला जातो. आणि आजही तो वाळायच्या आत पाथरवटांच्या घरातली एखादी बाई छिन्नी घेऊन येते, समोरच्या वाटेने.