पाळण्याचा काटा

"नवस फेडायला आलास आन् लेकरू घरी?" दर्ग्यातल्या म्हाताऱ्या फकिरानं, दस्तगीरबाबांनी विचारलं.

मल्लिनाथ हसला. तो याच प्रश्नाची वाट पाहत होता.

"लेकराची गरजच नाही, बाबा. त्याचं वजन आणलंय."

दर्ग्यासमोरच्या कडुलिंबाला एक तराजू टांगलेला असे. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात तेवढा गूळ, अशी तिथली रीत. मल्लिनाथचा मुलगा सातव्या महिन्यात जन्मला, जेमतेम सव्वा किलोचा. कधी देवापुढे हात न जोडणारा हा गडी दवाखान्याच्या जिन्यात बोलून गेला : पोरगं जगू दे, त्याच्या भारोभार गूळ वाहीन.

पोरगं जगलं. आता गूळ गुंजभर जरी कमी पडला तर... या धास्तीनं बापाची झोप उडाली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

त्याचं टीव्हीदुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं घरीच एक काटा बनवला, पाळण्याच्या कडीला बसवला, किलोकिलोच्या मिठाच्या पुड्या टांगून टांगून जुळवला आणि इंटरनेटला जोडला. आता बाळाचं वजन क्षणाक्षणाला मोबाइलवर.

"हे बघा. सहा किलो दोनशे चाळीस. गूळही तेवढाच तोलून आणलाय."

गूळ एका पारड्यात होता. बाबांनी मोबाइल उलटापालटा करून पाहिला आणि दुसऱ्या पारड्यात ठेवला.

गुळाचं पारडं खालीच राहिलं.

"वर येईना की रं."

"तसं नाही, बाबा! आकडा बघायचा..."

आकडा बघायला तो वाकला. सहा तीनशे दहा. बायकोनं दुपटं पांघरलं असणार. त्यानं घाईनं गुळाचा खडा वाढवला.

सहा एकशे नव्वद. बाळ पाय झाडत असणार. त्यानं खडा काढला.

सहा दोनशे ऐंशी. त्यानं पुन्हा ठेवला.

"यातलं खरं कुठलं धरू, बाबा?"

तेवढ्यात आकडा शून्यावर आला.

मल्लिनाथनं झटकन मोबाइल उचलून घरी फोन लावला.

"अहो, रडत होता," बायको म्हणाली. "दुपट्यासकट मांडीवर घेतलाय. हसतोय आता."

त्याचा जीव भांड्यात पडला. पण आकडा शून्यच होता. हातात गुळाचा खडा घेऊन तो पारड्यापाशी नुसता उभा राहिला. आणलेला गूळ जास्त की कमी, नवस फिटला की राहिला, त्याला काही म्हणता काही कळेना.

"आईनं मांडीवर घेतलाय. काटा शून्य दाखवतोय, बाबा... आता गूळ किती ठेवू?"

बाबांनी त्याच्या हातातला मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"काटा झ्याक केलायस," ते म्हणाले. "मांडीवरच्या लेकराचं आत्ता बरोबर वजन दावतोय."