दोन किलोंचा फरक

"मग या दोन्हींतलं चांगलं कोणतं, एवढंच सांगा महाराज."

जोतिरामने आपली दोन चेनसॉ मशीनं मठाच्या पडवीत शेजारी शेजारी मांडली होती. झाडं तोडणाऱ्या माणसाने असलं दुकानदाराला विचारावं, मेकॅनिकला विचारावं. हा टेकडी चढून सोमगिरीबुवांकडे आला होता. बुवांनी उभ्या जन्मात चुलीपुरत्या काटक्या मोडल्या असतील.

बुवा तसे तापट. नसत्या प्रश्नाला सरळ वाट दाखवायचे. त्या दिवशी मात्र आम्हा शिष्यांबरोबर ऐकत बसले.

जोतिराम मोठ्या तोऱ्यात सांगत होता. मोठं मशीन साडेसहा किलोचं, ताकद सहा हॉर्सपॉवरची; कवेत न मावणारा बुंधाही सहज कापतं. लहान साडेचार किलोचं, ताकद चारची; फांद्यांना उत्तम, जाड खोडात मात्र अडकतं. पेट्रोल कोण किती पितं, साखळीची पट्टी कोणाची किती लांब, सगळं तोंडपाठ. तालुक्यातली दुकानं त्याने पालथी घातली होती. जो तो वेगळं सांगायचा, आणि याला एकाचंही पटायचं नाही.

"नवं घ्यायचंय का?" बुवांनी विचारलं.

"न्हाई. ही दोन्ही आमचीच हाईत."

"मग आता काय निवडायचं राहिलंय?"



जोतिरामचा सगळा तोरा उतरला. मग हळूहळू खरं काय ते बाहेर पडलं.

तो आणि धाकटा भाऊ सर्जेराव, दोघं मिळून कामं घ्यायचे. मागच्या महिन्यात उतारावरचं एक कललेलं आईनाचं झाड पाडायला गेले होते. जोतिरामचा उजवा खांदा कधीचा दुखरा. चढावर सर्जेरावाने काही न बोलता त्याच्या खांद्यावरचं मोठं मशीन काढून घेतलं आणि आपलं लहान त्याच्या हातात दिलं. तू फांद्या बघ, बुंध्याचं मी बघतो, म्हणाला.

बुंधा मध्येच चिरला आणि भलत्याच बाजूला आला. मशीन टाकून पळायचं, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण हातातलं मशीन सहसा कोणी टाकत नाही. सर्जेराव ते घेऊनच पळाला. दोन पावलं कमी पडली, आणि बुंध्याखाली सापडून जागीच गेला.

"हलकं हातात असतं तर सुटला असता," जोतिराम म्हणाला. "दोन किलोचा फरक, महाराज. त्यानं काढून घेतलं, आन् मी घेऊ दिलं..."

आम्ही शिष्यमंडळी खाली मान घालून बसलो होतो. फार वाईट वाटत होतं.

"जाताना त्याला माझा राग आला असंल का, महाराज? रातध्याड हेच डोक्यात फिरतंय. दुसरं काई न्हाई."



बुवा उठले. ऐंशी उलटलेला, काडीसारखा देह. वाकून त्यांनी ते मोठं मशीन दोन्ही हातांनी उचललं, कसंबसं खांद्यावर घेतलं आणि मठाच्या पायऱ्या उतरू लागले. आमच्यातला एकजण उठायला लागला, तर त्याला डोळ्यांनीच दटावलं.

दोनचार पायऱ्या गेल्या असतील. बुवांचा पाय लटपटला.

जोतिराम डोळे पुसत धावला. त्यांच्या खांद्यावरचं मशीन त्याने काढून घेतलं आणि आपल्या खांद्यावर टाकलं. नेमकं दुखऱ्या.

"घे म्हणून मी म्हटलं होतं का तुला?" बुवांनी दरडावून विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"तुम्ही वडीलधारं माणूस. तुमच्या खांद्यावर कसं ऱ्हाऊ देऊ?"

"जड आहे?"

"हाय की..."

बुवा त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मग आता माझा राग आलाय का रे तुला?"