गादी आणि गाडी

चिंचणगडच्या बाळराजांचं वय सोमवारी तेरा होतं. मंगळवारी ते अठरा झालं.

त्याचं असं झालं, की राज्यात विजेच्या स्कूटर आल्या आणि पोराटोरांनी रस्त्यांवर उच्छाद मांडला. गाडीला ना आवाज ना धूर. अंगावर येईस्तोवर पत्ता लागायचा नाही. लोक रडकुंडीला आले, तेव्हा राजा हिंमतरावांनी दवंडी पिटवली: अठरा वर्षं पुरी झाल्याशिवाय कुणी विजेची गाडी हमरस्त्यावर आणायची नाही, आणली तर गाडी सरकारजमा! लोकांनी राजाचं तोंडभरून कौतुक केलं. वाड्यात मात्र बाळराजांनी जेवणाचं ताट भिरकावलं आणि दिवसभर तोंडात घास घेतला नाही. कायदा मागे घेणं राजाला कमीपणाचं वाटलं, म्हणून त्याने पोराचं वयच पुढे नेलं. दप्तरदाराने मुकाट्याने नवं पान लिहिलं, ‘युवराज, वय अठरा पूर्ण’, आणि त्यावर राजमुद्रा उमटली.

बुधवारी पेठेच्या वळणावर बाळराजे दोन्ही हात सोडून भरधाव आले आणि कोंडाबाई कासारणीच्या गाडीवर आदळले.

कोंडाबाईची काहीच चूक नव्हती. ती डाव्या कडेने बेताबेताने चालली होती, मागे काचेच्या बांगड्यांची पेटी बांधलेली. गुडघे गेल्यापासून गावोगाव चुडे भरत फिरायचं ते या स्कूटरच्या जिवावर. गाडी गेली की धंदा गेला, इतका साधा हिशेब. पण शिपाई आला, त्याने बाळराजांचा अंगरखा झटकला आणि पंचनामा लिहिला. युवराज कागदोपत्री सज्ञान, तेव्हा त्यांची चूक असणं शक्य नाही. राहिली कोण? कासारीण! तिची गाडी जप्त झाली.

गुरुवारी सकाळी कोंडाबाई दरबारात उभी राहिली.

“महाराज, बाळराजांच्या गाडीखाली माझ्या आठ डझन बांगड्या वाढल्या.”

बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाही, ते अशुभ; वाढली म्हणतो. राजालाही हे ठाऊक होतं, पण त्याला थट्टेची लहर आली. वाढल्या म्हणजे फायदाच झाला की बाई, तक्रार कसली करतेस, असं तो म्हणाला. सगळा दरबार खो-खो हसला.

“म्हणायची रीत आहे, महाराज,” कोंडाबाई म्हणाली. “बाळराजे नाहीत का पाच वर्षांनी वाढले? आमच्या बांगड्या तशाच वाढल्या.”

हसू जागच्या जागी थांबलं. राजाचे कान लाल झाले. पण बाई खोटं बोलली, असंही त्याला म्हणता येईना.

“ऐक,” तो म्हणाला. “साक्षीदार आणायचा नाही, कागद दाखवायचा नाही. युवराज लहान आहे, हे खुद्द आमच्या तोंडून वदवून दाखव. दिवस मावळायच्या आत जमलं तर गाडी तुझी. नाही जमलं, तर पुन्हा आमच्या रस्त्यावर गाडी घेऊन दिसायचं नाही.”

कोंडाबाईने एवढंच मागितलं, की बाळराजांना बोलावून घ्यावं. बाळराजे चिंचेची गोळी चघळत आले. तिने राजाकडे चक्क पाठ केली, पदर सावरला आणि पोरापुढे कमरेत वाकली.

“नव्या महाराजांना मुजरा.”

दरबाराला काही उमजेना. मग तिनेच समजावलं. वारसाला अठरा पुरी झाली की बापाने गादी सोडायची आणि नदीकाठच्या मठात जाऊन राहायचं, ही या घराण्याची रीत. थोरले महाराज नाही का गेले, हिंमतरावांना अठरा पुरी झाली त्याच दिवशी? आणि बाळराजांना तर अठरा पुरी होऊन तिसरा दिवस उजाडला. मठवाले वाट बघत असतील.

राजाने कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी खोकला आणि म्हणाला की, रीत आहे खरी.

बाळराजांची कळी खुलली. ते टुणकन गादीवर चढून बसले आणि तिथूनच हुकूम सोडू लागले. पाठशाळा आजपासून बंद. गणिताच्या पंतोजींना तोफेच्या तोंडी द्यायचं. सेनापतींनी मिशा काढायच्या, मुका घेताना त्यांच्या गुदगुल्या होतात. सेनापतींचा हात आपसूक मिशीवर गेला. पंतोजी खांबाआड सरकले. राजा कसनुसा हसत होता.

एवढ्यात पोराने त्याच्याकडे बोट केलं. “आबा, मठात पायीच जा. हत्ती मला लागेल.”

“उतर खाली!” राजा गरजला. “तेरा वर्षांचं शेंबडं पोर तू! राज्य चालवणं म्हणजे खेळ वाटला काय तुला?”

आपण काय बोलून बसलो ते राजाला कळलं, पण तोवर शब्द सुटला होता. कोंडाबाईने सावकाश राजाकडे तोंड वळवलं.

“गादीवर बसायला तेरा, आणि गाडीवर बसायला अठरा? एका अक्षराच्या फरकात पाच वर्षं कशी हो सरली, महाराज?”

राजाचं आधी पोट हललं, मग खांदे, आणि तो असा हसला की मुकुट कपाळावर घसरला. हसता हसता त्याने स्वतःच्या हाताने दप्तरातलं वयाचं ते पान फाडलं. कोंडाबाईची गाडी तिथल्या तिथे सुटली, बांगड्यांची पेटी नव्याने भरून द्यायचा हुकूम झाला. बाळराजांची गाडी सरकारजमा झाली आणि राजाने तीही तिला बक्षीस म्हणून देऊन टाकली. गाडीला सोन्याचं हँडल होतं, सीटला मखमल होती. बाळराजांनी भोकाड पसरलं.

कोंडाबाईने गाडीभोवती एक फेरी मारली, हँडलकडे बघून नाक मुरडलं आणि खाली वाकून पाहिलं.

“सोनं राहू दे वाड्यावर, महाराज,” ती म्हणाली. “बॅटरी तेवढी काढून द्या.”