आंब्यावरची अळंबी

डोंगराच्या कुशीत एक वाडी होती, आणि त्या वाडीत एक बुरुडीण राहायची. टोपल्या विणायची आणि काय बोलायचं ते तोंडावर बोलायची.

वाडीच्या वेशीवर एक म्हातारा आंबा होता. अर्धा वठलेला, फळाचं नाव नाही. पण भर पावसाळ्यात घरोघरच्या धान्याच्या कणग्या तळाला गेल्या की त्याच्या खोडावर पिवळीधमक अळंबी फुटायची, भिंतीला फळ्या ठोकाव्यात तशी थरावर थर. वाडीची रीत अशी, की अळंबीची मऊ कडा तेवढी कापायची, आणि जिला आधी दिसेल तिने घरोघर वाटून मगच आपली चूल पेटवायची. त्या कालवणावर वाडी अडचणीचे दिवस काढायची.

एका वर्षी बुरुडणीने रीतीप्रमाणे वाडीच्या खोताकडेही वाटा पोचवला. खोताच्या जिभेला अशी चटक लागली की वाट्यावर भागेना. त्याने हुकूम सोडला, आंबा तोडा आणि खोड माझ्या अंगणात आणून उभं करा. पीक दारातच येईल. जे कुऱ्हाड चालवतील त्यांना दुप्पट वाटा.

बुरुडीण दारोदार फिरली. नाही म्हणा, म्हणून हात जोडले. कुणी म्हणालं, मोठ्यांच्या वाटेला कोण जाणार. कुणी नुसतंच बघू म्हणालं. चीड येते ती याचीच. ज्यांच्या पोरांना त्या झाडाने जगवलं, त्यांनीच सकाळी कुऱ्हाडींना धार लावली.

आंबा पडला. खोड अंगणात उभं राहिलं, आणि पावसात अळंबी कुजू नये म्हणून शहाण्या खोताने वर छप्परही घातलं. खोड वाळून तडकलं. पुढच्या पावसाळ्यात त्यावर काडीइतकंही काही उगवलं नाही.

कणग्या रिकाम्या झाल्या तशी सगळी वाडी बुरुडणीच्या दारात जमली. खोताने घात केला म्हणून सगळे त्याच्या नावाने बोटं मोडत होते. एक म्हातारा पुढे झाला.

"बाय, रानात दुसरं तसं झाड असेल तर दाखव. पोरं उपाशी आहेत."

बुरुडणीने हातातली टोपली खाली ठेवली.

"खोताला कशाला बोल लावता? त्याला कुऱ्हाड धरता तरी येते का? आणि दुसरं झाड असतं, तर मी तुमच्या दारोदार हात जोडत कशाला फिरले असते?"

त्या दिवशी वाडीतल्या पोरांनी पेजेचं नुसतं पाणी पिऊन झोप घेतली.

तात्पर्य: हाव एकट्याची असते, पण तिला हात आपण पुरवतो, आणि मग उपाशीही आपलीच पोरं राहतात.