रंगोजी पाटकरी आणि विचारणारं दार

एकदा काय झालं, एका राजानं मोठं तळं बांधलं. तळ्यातून रानात पाट काढला आणि त्या पाटावर रंगोजीला नेमलं. पाळीपाळीनं कुणाच्या वाफ्यात पाणी सोडायचं, ते त्यानंच ठरवायचं. म्हणून त्याला पाटकरी म्हणायचे. पण राजाची एक अट होती, बरं का! कुणाचं पाणी अडवलं, तर का अडवलं, ते पाटाच्या दाराला खरंखरं सांगायचं. दार सागवानी होतं, आणि ते बोलायचं!

एकदा रंगोजीनं सोनका माळणीची पाळी चुकवली. दारानं विचारलं, "का रे?"

"माझी मर्जी!" रंगोजी म्हणाला. आणि त्याचा घसाच बसला.

पुढच्या पाळीला पुन्हा तेच. "का रे?"

"तिचं रान चढावर आहे." रान तर होतं उतारावर! मग आवाज आणखी घोगरा झाला.

तिसऱ्या पाळीला तो म्हणाला, "तळ्यात पाणीच नाही." तळं तर काठोकाठ भरलेलं. मग काय, तोंडातून नुसतं "डरांव, डरांव!" बायकोनं विचारलं, "जेवता का?" तर हा म्हणतो, "डरांव!" हसू नका गं. बिचारा तोंडावर उपरणं धरून फिरायला लागला.

मग सोनका आली. ओंजळीत वांग्याची सुकलेली रोपं, आणि मागं सगळं गाव. म्हणाली, "रंगोजीदादा, वर्षाचं पोट आहे माझं यावर. माझं काय चुकलं, तेवढं तरी सांग."

रंगोजीची मान वर होईना. खरं कारण त्याला ठाऊक होतं. पण ते इतकं बारकं होतं, की सांगायचीच लाज. शेवटी कसंबसं तोंड उघडलं, तर शब्द स्वच्छ आले.

"पाटलाच्या घरच्या लग्नात तू मला भात सगळ्यांच्या शेवटी वाढलास. तोही एवढासाच."

कुणी हसलं नाही. सोनका हळूच म्हणाली, "अरे दादा, हंडा खरवडून झाला होता. तो माझ्या पानातला भात होता."

तेव्हा रंगोजीला वाटलं, बेडूक होतो तेच बरं होतं.

त्यानं मुकाट्यानं दार उघडलं. निम्मी रोपं जगली. निम्मी गेली, ती गेलीच. राजानं त्याला काढलं नाही. पण पाणी अडवायचं तर आता कारण चावडीवर, चारचौघांत सांगायचं, असं ठरलं. मग कुणाची पाळी उगाच चुकली नाही. सोनकाच्या वाफ्याला वांगी लागली, घरची सगळी माणसं पोटभर जेवली. आणि तुम्ही गं? ओढा बघू गोधडी, मिटा डोळे.