शेवटच्या रांगेतली मुंगी

एका नदीकाठच्या गावात एक छोटंसं वाचनालय होतं. तिथल्या मागच्या खोलीत दर शनिवारी मुलांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायची पद्धत होती. वाचायची एक तरुण ताई. पुस्तक मात्र निवडायची वाचनालयाची वडीलधारी मंडळी.

मंडळी टेबलाभोवती बसत, चहा मागवत, चष्मे पुसत.

"यात शिस्तीचा धडा आहे," एक म्हणे.

"यात आज्ञाधारकपणा आहे," दुसरे म्हणत.

"आणि चित्रं?" ताई विचारी.

"असतात की पानोपानी!" असं म्हणून अध्यक्ष पुस्तक मिटत.

शनिवारी ही मंडळी ताईच्या शेजारी खुर्च्या मांडून बसत. मुलं सतरंजीवर. "दिसतंय ना सगळ्यांना?" असा अध्यक्षांचा आवाज चढला, की मुलं "हो" म्हणत. मग मागच्या रांगेत चिमटे काढणं सुरू होई. पुढे पुढे मुलं यायचीच कमी झाली.

अध्यक्ष म्हणाले, "हल्लीच्या पोरांना एका जागी बसवतच नाही. येत्या शनिवारनंतर गोष्ट बंद. खोली वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना देऊ."

"म्हणजे तुम्हालाच," ताई म्हणाली. "काका, पोरांना नावं ठेवायच्या आधी एकदा त्यांच्यात बसून बघा. या शनिवारचं पुस्तकही तुम्हीच निवडा. फक्त खुर्ची नको. सतरंजीवर बसायचं, शेवटच्या रांगेत."

"अगं पोरी, माझे गुडघे..."

"मागे भिंत आहे टेकायला."

सगळे बघत होते, त्यामुळे अध्यक्षांना नाही म्हणता येईना.

शनिवारी त्यांनी मेहनती मुंगीचं पुस्तक निवडलं. मजकूर भरगच्च, चित्रं नाजूक. कण्हत कण्हत ते भिंतीशी बसले. ताईने पान उघडून पुस्तक उंच धरलं.

शेजारच्या चिमुरडीने त्यांना कोपराने ढोसलं. "आजोबा, मुंगी कुठाय?"

"कोपऱ्यात. डाव्या."

"तुम्हाला दिसते?"

अध्यक्षांनी डोळे बारीक केले. मुंगी कोपऱ्यात आहे हे त्यांना टेबलावरच कळलं होतं. इथून तर नुसता पांढरा कागद दिसत होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर त्यांचा मान राहिला असता, आणि गोष्टही बंद झाली असती.

चिमुरडी हळूच म्हणाली, "मी नेहमी हो म्हणते. नाही म्हटलं की तुम्ही रागावता."

अध्यक्षांनी हात वर केला. मग घसा खाकरून म्हणाले, "ताई, थांब गं. इथून मुंगी दिसत नाही."

सगळी मुलं गर्रकन मागे वळली. "आम्हालापण नाही दिसत! कधीच नाही दिसत!"

ताईने मुंगीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि कपाटातून दुसरं काढलं. हे मंडळींनीच नापास केलेलं होतं, 'यात उपदेशच नाही' म्हणून. पानभर एक काळीभोर म्हैस रस्त्यात बसलेली, आणि खाली एकच ओळ: 'म्हैस काही उठेना.' पुढच्या पानावर बैलगाडी अडली. त्याच्या पुढच्या पानावर नवरदेवाची वरात अडली. म्हैस तिथेच.

"आता ही उठायची कशी?" मागून मोठ्ठा आवाज आला. तो अध्यक्षांचा होता.

"श्शऽऽ आजोबा! पान उलटू दे ना!" चिमुरडीने दटावलं.

गोष्ट संपली. म्हैस उठली, अध्यक्ष मात्र उठेनात. मुलांनी हात धरून ओढलं, तेव्हा कुठे उभे राहिले.

खोली मुलांचीच राहिली. आता तिथे कुठलंही नवं पुस्तक आलं, की ताई ते समोर उंच धरते आणि अध्यक्ष मुलांबरोबर भिंतीशी बसून ते बघतात. शेवटची रांग 'दिसतं' म्हणाली, तरच ते शनिवारी वाचलं जातं.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी निवड करायची, आधी त्यांच्या जागी जाऊन बसावं. खुर्चीवरून सगळंच स्पष्ट दिसतं.